डाव्या हाताचा चाकू

१

खिशात रोज बाळगायचा चाकू कसा निवडावा, हे नाशिकमध्ये मला धरून फार तर दोघांना कळत असेल, आणि तो दुसरा मला अजून भेटलेला नाही.

बाकीचे मोबाइलवर फोटो बघतात. काळं पातं, त्यावर कवटी, मुठीत होकायंत्र आणि मागे गाडीची काच फोडायचा टोकदार दांडा. यांना कुणाची काच फोडायची असते देव जाणे. असला चाकू घरी येतो, पहिला पेरू कापताना त्याची बिजागरी डुगडुगते, दुसऱ्या पेरूला पातं बोटावर मिटतं, आणि मग हे शहाणे जगाला सांगत सुटतात की मिटते चाकू वाईट असतात. नाचता येईना अंगण वाकडं.

मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळली. पोलाद मला माणसांपेक्षा बरं कळतं आणि जास्त आवडतं. पातं तळहाताच्या रुंदीपेक्षा लांब नको, कारण आपल्याला लिंबू कापायचं असतं, लढाई करायची नसते. उघडल्यावर लॉक असं बसलं पाहिजे की हलवून पाहिलं तरी आवाज येऊ नये. मिटताना एकदाच, स्वच्छ ‘खट्’. आणि माझा नियम असा, जो मी घरातल्या प्रत्येकाला घोकायला लावलाय, की काम झालं, पुसला, मिटला. उघडा चाकू टाकून जाणारा माणूस मी रानटी समजतो.

हा नियम मनापासून पाळणारा एकच निघाला, माझा भाचा रविराज.

२

माझी बहीण सिंधू जेलरोडला राहते. दाजी नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, तोंडात दिवसभर पेपरातल्या बातम्या. मी लग्न केलं नाही, कारण करण्यासारखं काही दिसलं नाही. सिंधूचा रवी मात्र माझ्या अंगाखांद्यावर वाढला. त्या एका पोरासाठी मी त्या घरात जायचो, बाकीच्यांचं बोलणं ऐकून घ्यायचो आणि चहाही प्यायचो.

रवी डावखुरा. यावरून घरात जेवढा गहजब झाला तेवढा दुष्काळात होत नसेल. दाजींची थोरली बहीण अक्काबाई, निफाडकडची, ती आली की जेवताना त्याचा डावा हात रुमालाने बांधायची. मी सोडायचो. ‘डावखुरा आहे तो, चोर नाही,’ असं मी भर पंगतीत म्हणालो होतो. रवी तेव्हा एवढासा होता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी माझ्या पानातला लाडू त्याच्या पानात टाकला.

शाळेत असताना मी त्याला पहिला चाकू दिला. तेव्हाच त्याच्या डाव्या अंगठ्यावर खूण उमटली, नखाखालून तिरकी, थेट सांध्यापर्यंत. यात चूक माझी नव्हती, चाकूची होती. मिटत्या चाकूच्या मुठीत लॉकची पोलादी पट्टी असते, ती अंगठ्याने बाजूला सारली की पातं मिटतं. ही पट्टी सगळे उजव्यांसाठी बसवतात. डाव्याने तो चाकू धरला की अंगठा पात्याच्या वाटेत येतो. जगातल्या मूर्खांना हे लक्षात येत नाही, कारण मूर्ख बहुतेक उजवे असतात.

रवीचं लग्न ठरलं, मुलगी स्नेहल, ओझरची. मी ठरवलं की पोराला डाव्या हाताचा चाकू द्यायचा. मेन रोडला सगळी दुकानं पालथी घातली. एक दुकानदार हसून म्हणाला, “साहेब, चाकूला कुठं डावा-उजवा असतो का?” गाढवाला गुळाची चव काय. शेवटी डावखुऱ्यांसाठी वेगळे बनवणारा एक कारागीर सापडला, त्याच्याकडून मागवला. शिसवी मूठ, साधं फिकं पातं, आणि पट्टी उलट्या बाजूला. रवीने तो डाव्या हातात घेतला, उघडला, मिटवला. मग परत उघडला.

“मामा,” तो म्हणाला, “आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू माझ्या बाजूने आहे रे.”

३

हळद लागली की आमच्याकडे नवरदेवाच्या हातात लोखंड देतात. कट्यार नाहीतर सुरी, टोकाला लिंबू खोचलेलं. लग्न लागेपर्यंत ते हातातून सुटू द्यायचं नाही आणि नवरदेवाला एकटं सोडायचं नाही. का, हे कुणी विचारत नाही, कारण विचार करायची सवयच नाही.

अक्काबाई फडक्यात गुंडाळून त्यांच्या घरची कट्यार घेऊन आली होती. मी ती पाहिली. “हिने लोणी कापलं तर लोण्याला धनुर्वात होईल,” मी म्हणालो. रवी हसला आणि त्याने खिशातून आपला चाकू काढला.

अक्काबाई हसली नाही. तिने तो नीट न्याहाळला. “सुरी लय चांगली हाय,” ती म्हणाली. “पण मिटती नको. हळद लागलेल्या पोराच्या हातातलं लोखंड मिटू नाय.”

“मिटलं तर काय होतं?”

“मिटू नाय, एवढंच आमाला ठाव हाय.”

“म्हणजे काहीच ठाव नाही.”

“अति शहाणा त्याचा बैल रिकामा,” असं म्हणून तिने कट्यार परत फडक्यात बांधली.

आडगाव नाक्यापलीकडच्या लॉन्सवर सकाळीच हळद लागली. रवी पिवळाधम्मक, डाव्या हातात उघडा चाकू आणि त्यावर लिंबू. न्हायची वेळ झाली. मागच्या बाजूला न्हाणीघरांची रांग होती. रवी चाकू तसाच उघडा घेऊन निघाला, तेव्हा मी त्याला अडवलं.

“ओल्या फरशीवर उघडं पातं घेऊन जातोस? नियम काय आपला?”

“अरे, पण अक्काआत्या म्हणाली की...”

“अक्काआत्या टूलरूममध्ये होती का? मी उभा आहे ना बाहेर. मिट तो.”

रवीने लिंबू काढून कठड्यावर ठेवलं. पातं धोतराला पुसलं, डाव्या अंगठ्याने पट्टी सारली. खट्. आत जाऊन त्याने दार लोटलं.

मी बाहेर उभा राहिलो. पाणी पडत होतं, प्लास्टिकचा मग बादलीवर आपटत होता. मग आतून हाक आली, “मामा, टॉवेल दे ना.”

टॉवेल वरच्या खोलीत राहिला होता. मी गेलो, घेऊन आलो. आत अजून पाणी पडत होतं. दार वाजवणार तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला.

रवी होता. कोरडा, भांग पाडलेला, शेरवानी चढवलेला.

“तुम्हालाच शोधत होतो मामा,” तो म्हणाला. “चला ना, सगळे थांबलेत.”

“आणि टॉवेल?”

“झालं माझं.”

पाण्याचा आवाज थांबला होता. मी दार ढकललं. बादली काठोकाठ भरलेली आणि पाणी स्वच्छ, त्यात हळदीचा थेंब नव्हता. फरशीही कोरडी होती. मी स्वतःला सांगितलं की लग्नाच्या दिवशी कोण मनापासून अंघोळ करतो. दुसऱ्या न्हाणीघरात गेला असेल, मी वर असताना बाहेर पडला असेल. इतकं सरळ होतं ते.

४

लग्न लागलं. जेवणं सुरू झाली. नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवायचे, फोटोवाला ‘अजून एक, अजून एक’ म्हणून ओरडतोय, हा जो काही बाष्कळ प्रकार असतो तो चालला होता. रवीने स्नेहलला जिलेबी भरवली. उजव्या हाताने.

मी पाहत राहिलो. नंतर त्याने वरणभात कालवला, पापड मोडला, दाजींच्या पानात मठ्ठा वाढला. सगळं उजव्या हाताने, सहज, न सांडता. त्या हाताने त्याला साधी सही नीट येत नव्हती.

सकाळपासून गुरुजी ‘उजवा हात, उजवा हात’ करत होते, हे माझ्या डोक्यात आलं. माणूस दिवसभर तसं करत राहिला तर जेवतानाही करील. सिंधूचा तर आनंद गगनात मावेना. “बघ रे, लग्न झालं आणि सुधारला माझा रवी.”

पानावरून उठल्यावर तो माझ्याकडे आला. रुमालात गुंडाळलेला चाकू त्याने पुढे केला, रुमालाच्या कोपऱ्याला धरून. “हा तुमच्याकडेच असू द्या मामा. मला आता कशाला लागतो?”

सकाळपर्यंत मी त्याच्यासाठी ‘तू’ होतो. मोठा झाला, बायको आली, लोकांदेखत मान देतोय, असं मी मनाशी म्हणालो. चाकू खिशात टाकला.

अक्काबाई पानावर बसली होती, पण जेवत नव्हती. मी समोरून जाताना तिने विचारलं, “सुरी कुठं हाय?”

“माझ्याकडे.”

“उघडी?”

“मिटलेली.”

तिने हात धुतले, पिशवी उचलली आणि कुणालाही न सांगता निफाडच्या गाडीला लागली.

५

पुढच्या काही महिन्यांत रविराजचं एवढं कौतुक झालं की मला किळस आली. वेळेवर उठतो. दाजींच्या बातम्या मान डोलावून ऐकतो. कुणाला उलट बोलत नाही. उजव्या हाताने जेवतो. त्याचे आधीचे खटके आणि मोठ्याने हसणं कुणाला आठवत नव्हतं. त्या घराला हवा होता तसा मुलगा मिळाला होता आणि कुणी तोंड वाकडं करून विचारत नव्हतं की हा आला कुठून.

मी एकदा जेवताना मीठ मागितलं आणि बरणी देणारा त्याचा हात सोडून मुद्दाम डावा हात धरला. “बघू अंगठा. अजून दुखतो का थंडीत?”

अंगठा गुळगुळीत होता. तिरकी रेघ नव्हती, सांध्यापाशी गाठ नव्हती.

“कशाने दुखेल मामा?” त्याने विचारलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. स्नेहल हसली. त्याच्या हाताला ऊब होती, नाडी होती, सगळं होतं. खुणा पुसतात म्हणतात वयाबरोबर. माझ्या स्वतःच्या गुडघ्यावरची एक पुसली आहे. मी भात संपवला आणि घरी आलो.

हिरावाडीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये तो चाकू रुमालात तसाच पडून होता. कुणाचा का असेना, चाकूला गंज चढू देणं मला जमत नाही. तेल, ब्रश, जुना बनियन घेऊन बसलो. बिजागरीत हळद होती. काढली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर परत हळद, ओलसर, ताज्या वासाची. हळद चिवट असते, ही गोष्ट कुठलीही मोलकरीण सांगेल.

६

त्या सकाळी मी चाकू उघडा करून ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवला, तेल मुरायला. चहा टाकला. बाथरूममधून पाणी पडल्याचा आवाज आला.

वरच्या मजल्यावर यादव म्हणून एक गृहस्थ राहतात, त्यांना नळ बंद करायची अक्कल नाही. मी तिकडे दुर्लक्ष केलं. पाठोपाठ प्लास्टिकचा मग बादलीवर आपटला. आणि दबक्या, लांबून आल्यासारख्या आवाजात कुणीतरी म्हणालं, “मामा, टॉवेल.”

बाथरूमचं दार लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं. बादली पालथी, जशी मी ठेवतो तशी.

मी ओट्याशी आलो आणि सवयीने चाकू मिटवला. आवाज थांबला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांना माणसांत मोजत नाही. टूलरूममध्ये यंत्र आवाज करायला लागलं की आम्ही एक-एक गोष्ट बंद करून बघायचो. तसंच केलं. यादवांना वर जाऊन नळ बंद करायला लावले. चाकू उघडला, पाणी पडायला लागलं. मिटवला, थांबलं. घरातले बाकी सगळे चाकू उघडून पाहिले, काही झालं नाही. परत हा उघडला. “मामा, टॉवेल दे ना.”

‘दे ना’ म्हणाला. ‘द्या’ नाही.

मी ओट्याला धरून खाली बसलो. मला रडू आलं, आणि ते पुसायला मी हातातला तेलकट बनियनच वापरला.

७

त्यानंतर मी तो चाकू मिटवला नाही. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून लोकांना रानटी म्हणालो ती मी माझ्याच ओट्यावर मांडली आणि रोज तिची राखण केली. बाई भांडी घासायला यायची तिला सुट्टी दिली. ओट्यावर दुसरं काही ठेवलं नाही.

आवाज जवळ येत होता. सुरुवातीला विहिरीच्या तळातून यावा तसा येई, मग भिंतीपलीकडून, मग दारामागून. हळदीचा वास घरभर. दार मी नीट लावून घ्यायचो आणि सकाळी पाहायचो तर किलकिलं. एके दिवशी बोटभर, पुढे चारचार बोटं. आत पाहिलं तर बाथरूम रिकामंच. पण बाहेर उभं राहून, आत न पाहता, मी बोलायचो. “आणतोय रे. थांब.” टॉवेल खांद्यावर टाकूनच फिरायचो मी.

अक्काबाईला फोन केला. या वाक्याची मला आधी लाज वाटली असती.

“पोरगं हाक मारतंय,” मी म्हणालो. “चाकू उघडा असला की.”

मग ती म्हणाली, “मग आता मिटू नको बाबा. कुणालाबी मिटू दिऊ नको.”

८

रविवारी ते न कळवता आले. सिंधू, दाजी, स्नेहल आणि तो. स्नेहलला दिवस गेले होते, पेढे घेऊन आले होते. मी दारात अडवून खाली हॉटेलात जाऊ म्हणालो, पण सिंधूने मला बाजूला सारलं. “भावाच्या घरी आलेय मी. पिठलं-भात टाकते. काय अवतार केलायस घराचा!”

“ओट्याला हात लावू नकोस,” मी ओरडलो. “चाकूला हात लावू नकोस.”

“तुझे चाकू तुला लखलाभ,” ती म्हणाली आणि पातेलं शोधायला लागली.

तो मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकला. ओट्यावरच्या उघड्या पात्याकडे त्याने एकदाच पाहिलं आणि हॉलमध्ये जाऊन सगळ्यांत लांबच्या खुर्चीत बसला.

मी ओट्यापाशीच उभा राहणार होतो. कांदा चिरणाऱ्या सिंधूच्या शेजारी, कितीही वेळ. पण पाणी पडायचं थांबलं आणि बाथरूमच्या दाराची बिजागरी कुरकुरली.

“मामा,” अगदी स्पष्ट, पॅसेजमधून.

हॉलमध्ये दाजी कुठल्याशा बातमीवर बोलत होते आणि तो ‘हो ना बाबा, हो ना’ म्हणत होता. दोन्ही आवाज मी एकाच वेळी ऐकले. सिंधूने मान वर केली. “रवीने हाक मारली का रे?”

मी पॅसेजमध्ये धावलो. दार अर्धं उघडलं होतं. आत अंधार होता, भर दुपारी. आणि दाराच्या कडेला चार बोटं, मग अंगठा. ओला, हळदीने पिवळा डावा हात. पाणी कोपरावरून गळत होतं. अंगठ्यावर नखाखालून सांध्यापर्यंत तिरकी खूण.

मी टॉवेल पुढे केला. त्या हाताने चाचपडत त्याची कड धरली. ओढ बसली, माणसाच्या वजनाची. मी दोन्ही हातांनी टॉवेल पकडला आणि मागे खेचायला लागलो. दार अजून थोडं उघडलं. ओला खांदा दिसला, केसांतून निथळणारं पाणी दिसलं.

मागे हॉलमधून तो म्हणाला, मोठ्याने नाही, अगदी गोड आवाजात, “आई, तो चाकू उघडाच पडलाय बघ. स्नेहल घरात फिरतेय. मामांचा नियम काय आहे?”

“सिंधू, नको!”

“अरे हो,” सिंधू म्हणाली, जणू इतकी वर्षं पाठ केलेलं कुणीतरी विचारलं होतं. “काम झालं, पुसला, मिटला.”

खट्.

मी पाठीवर पडलो. टॉवेल माझ्या छातीवर होता, सुटलेला. दार सताड उघडं होतं, आत दुपारचं ऊन आणि पालथी बादली.

मी ओट्याकडे रांगत गेलो. सिंधूच्या हातातून चाकू हिसकावून उघडला. कान देऊन बसलो. परत उघडला, परत. बिजागरी स्वच्छ होती. कोरडी. पात्याला फक्त तेलाचा वास येत होता.

“काय झालं याला?” दाजी दारात येऊन विचारत होते. स्नेहल पाणी घेऊन आली. सिंधू माझ्या हातातल्या टॉवेलकडे पाहत होती. टॉवेलच्या कडेवर पिवळे, ओले ठसे होते. तिने हात पुढे केला, बोटं त्या ठशांवर टेकवली. तिचा उजवा हात बसेना. मग तिने डावा ठेवला. बोटं नेमकी बसली.

तो खुर्चीतून उठला, तिच्याजवळ आला. तिचा हात त्याने हळूच टॉवेलवरून काढून घेतला.

“चल आई,” तो म्हणाला. “भात करपेल.”

आणि सिंधू गॅसकडे गेली.